टाके दवाखान्यात, जुळणी घरी

खांद्याचं ऑपरेशन एक-दोन तासांत आटोपतं. दुर्बिणीतून केलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी घरी सोडतात, काही ठिकाणी त्याच संध्याकाळी. त्यापुढचे सहा महिने मात्र घरचे असतात. ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवताना आपण दोन-तीन डॉक्टरांना दाखवतो, एमआरआयची फाईल घेऊन फिरतो, विम्याच्या मंजुरीसाठी फोन करत राहतो. पण घरी आल्यावर पहिल्या रात्री झोपायचं कसं, एका हाताने परकराची नाडी कशी बांधायची, दुधाची पिशवी कोण फोडणार, हे कोणी आधी विचारत नाही. हे प्रश्न एकदम समोर येतात, आणि तेव्हा माणूस अर्धवट झोपेत, दुखऱ्या खांद्याने वैतागलेला असतो. हा लेख या घरच्या भागाबद्दल आहे.

खांद्याची ऑपरेशनं पुष्कळ प्रकारची असतात. वारंवार निखळणारा खांदा शिवतात, झिजलेला सांधा बदलतात, मोडलेलं हाड प्लेट टाकून बसवतात. इथे मी रोटेटर कफच्या दुरुस्तीबद्दल लिहितो आहे, कारण पन्नाशी-साठीच्या माणसांत हीच तक्रार घरोघर दिसते आणि घरी सगळ्यांत जास्त संयम हीच दुरुस्ती मागते. बाकीच्या ऑपरेशनांना घरातली तयारी बरीचशी अशीच लागते. मुदती मात्र वेगळ्या असतात, त्या तुमच्या सर्जनकडूनच घ्याव्यात.

आधी आत काय झालेलं असतं ते पाहू. दंडाच्या हाडाचा गोल माथा फऱ्याच्या हाडावरच्या एका उथळ खोबणीला टेकलेला असतो. बशीवर मोसंबं ठेवावं तसा हा प्रकार आहे. म्हणूनच आपला हात इतक्या दिशांना फिरतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवायला स्नायूंची गरज लागते. सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे ते चार स्नायू. त्यांची टोकं, म्हणजे कंडरा, माथ्याभोवती एकत्र येतात, त्यालाच रोटेटर कफ म्हणतात. वयाने, मधुमेहाने, वर्षानुवर्षांच्या वापराने किंवा एखाद्या पडण्याने यातली कंडरा हाडापासून सुटते. बहुतेक वेळा ती सुप्रास्पायनेटसचीच असते. मग हात वर उचलताना कळ येते, कंगवा फिरवता येत नाही, आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

सर्जन लहान छिद्रांतून दुर्बीण घालतो, हाडाची जागा खरवडून ताजी करतो आणि तिथे बारीक अँकर बसवतो. हे अँकर टायटॅनियमचे असतात, विशिष्ट प्लॅस्टिकचे असतात किंवा कालांतराने विरघळणारे असतात. अँकरला जोडलेले धागे कंडरेतून ओवून ती हाडावर ओढून बांधली जाते. दवाखान्यातलं काम इथे संपतं. धागे कंडरेला जागेवर धरून ठेवतात, एवढंच. ती हाडाला जुळवण्याचं काम शरीर करतं. पहिल्या आठवड्यात तिथे सूज असते, पुढचे काही आठवडे मऊ, कच्चा सांधणारा थर तयार होत राहतो, आणि तो हळूहळू घट्ट होतो. हाताने जोर लावता येईल इतकी पकड यायला साधारण 12 आठवडे जातात. पुरती मजबुती येईपर्यंत सहा महिने ते वर्ष लागतं.

दुखण्याचा हिशेब मात्र याहून वेगळा चालतो. पहिले चार-पाच दिवस कठीण जातात, दोन-तीन आठवड्यांत दुखणं बरंच उतरतं, आणि महिना-दीड महिन्याला पुष्कळांना वाटू लागतं की आता सगळं ठीक आहे. त्या वेळी आतली जुळणी कच्चीच असते. शिवलेली कंडरा पुन्हा सुटण्याचे बहुतेक प्रसंग पहिल्या काही महिन्यांतच घडतात. पडल्यामुळे, झटक्यामुळे, किंवा 'आता दुखत नाही ना' म्हणून उचललेल्या बादलीमुळे. घरच्या सगळ्यांनी एवढी एक गोष्ट नीट समजून घेतली तर पुढची निम्मी काळजी मिटते: दुखणं थांबलं यावरून जुळलं असं धरायचं नाही.

याच कारणासाठी मला अर्नेस्ट कॉडमन या बॉस्टनच्या सर्जनबद्दल फार आदर वाटतो. सुप्रास्पायनेटसची फाटलेली कंडरा शिवल्याची माहिती त्याने 1911 मध्ये प्रसिद्ध केली, आणि 1934 मध्ये खांद्यावरचा मोठा ग्रंथ लिहिला. आज आपला फिजिओ जो लोंबत्या हाताचा व्यायाम शिकवतो, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पण त्याचा आग्रह वेगळाच होता. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि निदान वर्षभराने त्याला पुन्हा तपासून उपचाराचा खरोखर उपयोग झाला का ते नोंदवायचं, असं तो म्हणे. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही आणि त्याला त्याची किंमत मोजावी लागली. रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं हा प्रश्न त्याने वैद्यकाच्या मध्यभागी आणून ठेवला.

आता तयारी. ऑपरेशनच्या दोन-तीन आठवडे आधी, सुट्टीच्या दिवशी, ज्या बाजूचं ऑपरेशन आहे तो हात ओढणीने गळ्यात बांधावा आणि सकाळपासून रात्रीपर्यंत तसंच राहावं. आमच्याकडे आईचं ऑपरेशन ठरलं तेव्हा फिजिओने ही रंगीत तालीम करायला लावली होती, आणि तिच्यातून जेवढं कळलं तेवढं कुठल्याच पत्रकातून कळलं नसतं. घर दोन हातांसाठी रचलेलं असतं हे त्या दिवशी दिसतं. दुधाची पिशवी धरायला एक हात आणि कापायला दुसरा लागतो. गॅसचं बटण एका हाताने फिरवताना दुसऱ्या हाताने लायटर दाबायचा असतो. कुकरचं झाकण लावायचं तर एका हाताने कुकर धरावा लागतो. टूथपेस्ट, बरणीचं झाकण, गोळ्यांचं पाकीट, फडकं पिळणं, सगळीकडे तेच. दाराची वरची कडी तर पूर्ण हात वर केल्याशिवाय निघत नाही.

त्यावरचे उपाय साधे आहेत, पण आधी करून ठेवले तरच उपयोगी. रोजची भांडी, चहा-साखर, मसाल्याचा डबा, औषधं हे सगळं कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर आणून ठेवावं. घट्ट झाकणाच्या बरण्या बाजूला करून सहज उघडणारे डबे काढावेत. दूध कोणीतरी सकाळीच तापवून ठेवावं. कांदा चिरायचाच असेल तर चिरायच्या फळीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. पोळ्यांचा विषय सरळ बाहेर सोपवावा. कणीक मळणं आणि लाटणं हे खांद्याला नेमकं नको ते काम आहे, आणि आपल्याकडच्या बायकांना सोडवत नाही तेही हेच. जवळचं पोळी-भाजी केंद्र, डबेवाल्या काकू किंवा पोळ्यांना येणाऱ्या बाई, जे असेल ते तीन महिन्यांसाठी ठरवून टाकावं. 'दोनच लाटते' म्हणून आई ओट्यापाशी उभी राहायची. आम्ही लाटणंच उचलून ठेवलं होतं.

न्हाणीघर आणि शौचालय यांवर जास्त लिहायला हवं, कारण यावर कोणी बोलत नाही. भारतीय पद्धतीच्या शौचकूपावर बसून उठताना आपण नकळत हाताचा आधार घेतो किंवा तोल सावरायला हात झटकतो. कमोडची सोय नसेल तर शौचकूपावर ठेवायची कमोडची खुर्ची सर्जिकल वस्तूंच्या दुकानात विकत किंवा भाड्याने मिळते. ती आधीच आणून ठेवावी. ऑपरेशन डाव्या खांद्याचं असेल तर धुण्याचा हातच काही आठवडे मोकळा नसतो. फवाऱ्याची नळी उजव्या बाजूला घ्यावी लागते, आणि उजव्या हाताने हे करण्याची सवय व संकोच दोन्ही आधीच मोडावे लागतात. ऑपरेशन उजव्या खांद्याचं असेल तर प्रश्न जेवणाचा येतो. डाव्या हाताने जेवायला जुन्या माणसांना फार जड जातं. चमचा घ्यावा, खोल वाटीत वरण-भात, खिचडी, दही-भात असं एका हाताने खाता येण्यासारखं वाढावं, आणि घरातल्यांनी त्याबद्दल एक अक्षरही बोलू नये. अंघोळीला उंच प्लॅस्टिकची खुर्ची, अर्धीच भरलेली बादली, आणि हात पोहोचेल अशा उंचीवर साबण ठेवावा. दारापुढची सरकती पायपुसणी उचलून टाकावीत. गळ्यात हात बांधलेल्या माणसाचा तोल सहज जातो आणि पडताना तो पहिल्यांदा तोच हात पुढे करतो. ऑपरेशनची तारीख निवडायला वाव असेल तर मला विचाराल तर भर पावसाळा टाळावा. विदर्भात राहत असाल तर एप्रिल-मेही टाळावेत, कारण त्या उकाड्यात काखेत उशी बांधून राहणं ही वेगळीच शिक्षा आहे.

कपडे पुढून पूर्ण उघडणारे हवेत: नवऱ्याचे ढगळ शर्ट, पुढे बटणं असलेले गाऊन. डोक्यातून घालायचा कुडता किंवा टी-शर्ट पहिले सहा आठवडे कपाटातच. नाडीच्या जागी इलॅस्टिक घालून घ्यावं, लेंग्याला, परकराला, सलवारीला सगळ्यांना. घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना तोच हात सगळ्यांत शेवटी. साडी नेसायचीच असेल तर दुसऱ्याने नेसवावी. पदर मागून ओढून घेणं, ब्लाऊजची पाठीवरची गाठ बांधणं, यांत हात पाठीमागे जातो आणि शिवलेल्या कंडरेवर ताण येतो. लेसचे बूट नकोत, मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल हवी.

शरीराची तयारीही तितकीच महत्त्वाची. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय घाई करू नये; वाढलेल्या साखरेत जखम उशिरा भरते आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. सिगारेट, विडी, तंबाखू यांमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि कंडरेची जुळणी मंदावते. मशेरीतही तंबाखूच असते, तीही यातच धरायची. हे सगळं ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद करावं आणि नंतरही सुरू करू नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या कधी थांबवायच्या, थांबवायच्या की नाही, हे ज्या डॉक्टरांनी त्या दिल्या त्यांना विचारूनच ठरवावं. नेहमी घेत असलेले काढे आणि आयुर्वेदिक औषधंसुद्धा भूलतज्ज्ञांना सांगावीत. खांद्याच्या आणि काखेच्या त्वचेत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचे जंतू कायम वस्तीला असतात. ते रोमछिद्रांत खोल दडतात आणि साध्या साबणाने पुरते जात नाहीत. म्हणून काही सर्जन ऑपरेशनआधी काही दिवस बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम किंवा वॉश लावायला देतात. ते सांगितलं असेल तर कंटाळा करू नये. काखेतले केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. कातडीला बारीक ओरखडे पडले की जंतूंना वाट मिळते.

अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, जोडवी, मंगळसूत्र घरीच काढून ठेवावं. ऑपरेशननंतर बोटं सुजतात आणि अडकलेली अंगठी कापावी लागते. नखांचा रंगही पुसावा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र नखातून बघतं. उपाशी राहण्याचा नियम साधारणपणे असा असतो: हलकं खाणं भुलीच्या सहा तास आधीपर्यंत, तळलेलं किंवा जड जेवण आठ तास आधीपर्यंत, आणि नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. यात आपली अडचण सकाळच्या चहाची. दूध घातलेला चहा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यातच धरतात. पहाटे दोन घोट चहा घेतल्यामुळे ऑपरेशन पुढे ढकललं जाऊ शकतं.

भूल देताना पुष्कळदा मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताकडे जाणाऱ्या नसा बधिर करतात. याला ब्लॉक म्हणतात. त्याचा असर साधारण 12 ते 24 तास राहतो. तोवर हात लाकडासारखा बधिर असतो. बोटं हलत नाहीत म्हणून घाबरायचं नाही, पण त्या हाताला गरम भांडं लागलं किंवा तो अंगाखाली दबला तर कळणार नाही, म्हणून जपायचं. याच नसांच्या शेजारून श्वासपटलाची नस जाते. तीही काही तास सुन्न होते, त्यामुळे श्वास पुरेसा आत जात नाही असं वाटू शकतं. त्या बाजूची पापणी जराशी खाली उतरते, आवाज घोगरा होतो. आरशात पाहून घरच्यांना पक्षाघाताची शंका येते. ब्लॉक उतरला की हे सगळं जातं. मात्र दम खरोखरच लागत असेल, बोलताना धाप लागत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवावं.

खरी अडचण त्या रात्री येते. दिवसभर हात दुखत नाही म्हणून माणूस खूष असतो, 'मला गोळीची गरजच नाही' म्हणतो आणि झोपतो. पहाटे दोन-तीनला ब्लॉक उतरतो आणि कळ एकदम उसळते. तेव्हा घेतलेल्या गोळीला असर करायला तासभर लागतो, आणि तो तास फार मोठा असतो. म्हणून दुखत नसतानाच, बोटांना मुंग्या येऊ लागल्या की किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेला, गोळी घ्यायची. पहिले तीन-चार दिवस गोळ्या घड्याळावर घ्याव्यात, दुखण्यावर नव्हे. रात्रीचा गजर लावून घरातल्या कोणीतरी उठावं. एक खबरदारी: ट्रामाडॉल या वेदनाशामकाच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वरून वेगळी पॅरासिटामॉल घेतली तर मात्रा दुप्पट होते. मोठ्या माणसाला दिवसात 4 ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल कधीच नको, आणि यकृताचा त्रास किंवा वजन कमी असेल तर त्याहूनही कमी. ट्रामाडॉलने मळमळ होते, गुंगी येते आणि पोट साफ होत नाही. इसबगोल, पपई, भरपूर पाणी पहिल्या दिवसापासूनच सुरू करावं. घरात पडलेल्या जुन्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांतल्या काहींमुळे कंडरेच्या जुळणीत अडथळा येतो असं अनेक सर्जनांचं मत आहे, शिवाय मूत्रपिंडाला आणि जठराला त्रास होतो तो वेगळाच.

घरी येताना रिक्षा नको, गाडी हवी. पट्टा कुठल्या खांद्यावरून येतो ते पाहून जागा निवडावी. आपल्याकडच्या गाडीत चालकाशेजारी बसलं की पट्टा डाव्या खांद्यावरून येतो, तेव्हा डाव्या खांद्याच्या रुग्णाने मागे उजवीकडे बसावं, उजव्या खांद्याच्या रुग्णाने डावीकडे. कोपराखाली एक उशी द्यावी आणि गतिरोधकांवर चालवणाऱ्याने दया दाखवावी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात सलाईनचं पाणी सतत सोडलेलं असतं. त्यामुळे खांदा आणि छातीचा वरचा भाग फुगलेला दिसतो, आणि पट्टीतून गुलाबीसर पाणी झिरपतं. पहिल्या दिवशी हे चालायचंच. पुढच्या काही दिवसांत दंडापासून कोपरापर्यंत काळंनिळं उतरतं, तेही हळूहळू विरतं. जखमेवर हळद नको, तेल नको, काही नको. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण 10 ते 14 दिवस, ती कोरडी ठेवायची. बर्फाने सूज आणि कळ दोन्ही कमी होतात. गोठवलेल्या मटारचं पाकीट खांद्यावर छान बसतं. मध्ये कापड ठेवून 15-20 मिनिटंच लावावं, आणि ब्लॉकचा असर असेपर्यंत फारच जपून, कारण त्वचेला चटका बसला तरी कळत नाही.

झोप हा सगळ्यांनाच रडकुंडीला आणणारा विषय. आडवं पडलं की खांद्यात ठणका वाढतो. पहिले दोन-चार आठवडे अर्धवट बसूनच झोपावं लागतं. आरामखुर्ची असेल तर उत्तम. नसेल तर पलंगाच्या डोक्याकडे लोड, तक्के आणि गाद्यांची उतरण रचून पाठ तीस ते पंचेचाळीस अंशांत राहील असं करावं. गुडघ्यांखाली एक उशी दिली की घसरायला होत नाही. सगळ्यांत महत्त्वाची उशी कोपराखालची. कोपर पाठीच्या मागे गेलं की पुढची बाजू ताणली जाते आणि नेमकी कळ उठते. पडल्यावर मान न वळवता खाली पाहिलं तर आपलं कोपर आपल्याला दिसलं पाहिजे, ही फिजिओंची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमिनीवरच्या गादीवर झोपण्याची सवय असेल तर ती काही काळ सोडावी. तिथून उठताना हात टेकावाच लागतो.

स्लिंग, म्हणजे गळ्यातला पट्टा आणि कमरेशी असलेली उशी, साधारण चार ते सहा आठवडे दिवसरात्र असते. काढायची ती अंघोळीला, कपडे बदलायला आणि व्यायामाला. ती हात दमू नये म्हणून दिलेली नसते. शिवलेल्या स्नायूने अजिबात काम करू नये म्हणून दिलेली असते. तिच्यात हात असताना मनगट कोपरापेक्षा खाली लोंबता कामा नये. पट्टा मानेला काचत असेल तर खाली मऊ पंचा दुमडून ठेवावा. काख धुवायची असेल तर कमरेतून पुढे वाकावं, हात सैल लोंबू द्यावा, तो आपोआप अंगापासून दूर होतो. तेवढ्यात दुसऱ्या हाताने पुसून घ्यावं आणि काखेत सुती रुमाल ठेवावा. स्लिंगमध्ये असताना कोपर अंगाला टेकवून मोबाईल वापरणं, लिहिणं, कळफलकावर बोटं चालवणं बहुतेक सर्जन चालवून घेतात. खुर्चीतून उठताना त्या हाताने रेटा देणं, चहाचा कप उचलून पुढे करणं, दार ढकलणं मात्र नाही.

व्यायामाची चढण ठरलेली असते. बोटं आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवायची, मूठ उघडझाप करायची, सूज उतरते. कोपरही सरळ-वाकडं करायचं, पण बायसेप्सची कंडरा हलवून दुसरीकडे बसवली असेल तर ते स्वतःच्या ताकदीने करायला बंदी असते. म्हणून दवाखान्यातून निघताना सर्जनकडून लेखी मागून घ्या: कंडरा किती मोठी फाटली होती, तिचा दर्जा कसा होता, बायसेप्सचं काही केलं का, कोणत्या आठवड्यात काय सुरू करायचं. तो कागद फिजिओच्या हातात द्या. शेजारणीने तिच्या वेळी काय केलं ते तुम्हाला लागू होत नाही. तिची फाट लहान असेल.

कॉडमनचा लोंबता व्यायाम करताना बरा हात टेबलावर टेकवून पुढे वाकतात, दुखरा हात सैल सोडतात आणि अंग हलवून त्याला हलके झोके देतात. हलतं ते अंग. हात नुसता त्याच्या मागे जातो. हात स्वतः गोल गोल फिरवला तर स्नायू काम करू लागतो आणि व्यायामाचा हेतूच जातो. त्यापुढे फिजिओ हात धरून फिरवतो, मग बऱ्या हाताच्या किंवा काठीच्या मदतीने दुखरा हात उचलायचा, भिंतीवर बोटं चालवत वर न्यायची. साधारण सहा आठवड्यांनंतर हात स्वतःच्या ताकदीने हलू लागतो, आणि रबरी पट्ट्यांचा किंवा हलक्या वजनाचा जोर बाराव्या आठवड्याच्या आसपास येतो. मोठ्या फाटीला हे सगळं पुढे ढकललं जातं.

मधे एकदा तरी 'खांदा आखडलाय' ही भीती येते. मधुमेह आणि थायरॉइडच्या रुग्णांना ती जास्त. आखडलेला खांदा बहुतेकांचा पुढच्या महिन्यांत व्यायामाने सुटतो. पुन्हा सुटलेली कंडरा इतक्या सहज बसत नाही. म्हणून सर्जन घाई न करण्याकडे झुकतात, आणि मला ते पटतं. याच सुमारास भेटायला येणारी कुणीतरी व्यक्ती कोकणातल्या किंवा गावाकडच्या मालिश करणाऱ्याचं नाव सांगते. दुखरा खांदा चोळून, ओढून मोकळा करणं या काळात फार धोक्याचं आहे. पाहुण्यांना चहा द्या, त्यांच्याकडून बाजारहाट करून घ्या, नाव मात्र वहीत उतरवू नका.

खाण्यात प्रथिनं वाढवावीत: उसळी, डाळी, पनीर, दही, अंडी, मासे, ज्यांना जे चालतं ते. रोज चालायला जावं, सोबत घेऊन, सपाट रस्त्यावर. मन खट्टू होतं, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, झोप अपुरी आणि सगळं दुसऱ्यावर अवलंबून. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं त्याला पाण्याचा पेलासुद्धा मागायला फार जड जातं. घरातल्यांनी मागायच्या आधी द्यावा.

ताप, जखमेतून पू किंवा वाढत जाणारी लाली, गोळ्यांना न जुमानणारी वाढती कळ, दीड दिवसानंतरही बधिर राहिलेली किंवा निळसर पडलेली बोटं, पोटरीत सूज आणि दुखणं, छातीत कळ किंवा धाप: यातलं काहीही दिसलं तर फोन करून थांबायचं नाही, जायचं. धाप आणि छातीतली कळ असेल तर थेट तातडीच्या विभागात.

परतीच्या मुदती ढोबळच सांगता येतात. बसून करायचं काम अनेकांना दोन-तीन आठवड्यांत घरून सुरू करता येतं. स्लिंग आहे तोवर गाडी चालवायची नाही. चारचाकी साधारण दोन ते तीन महिन्यांनी, दुचाकी तीन महिन्यांच्या अलीकडे नको, कारण खड्ड्याचा हिसका सरळ खांद्यात जातो. मागे बसूनही नको. पोळ्या तीन महिन्यांनी दोन-चार, मऊ कणकेच्या. मळणं त्याच्याही नंतर. लोकलमध्ये वरचं कडं धरून उभं राहणं, नातवाला उचलणं, पाण्याचा वीस लिटरचा जार, गॅसचा सिलिंडर, हे सगळं सहा महिन्यांच्या पुढे आणि सर्जनने होकार दिल्यावर.

फाईल फेकू नका. तिच्यात ऑपरेशनची टिपणी आणि अँकरच्या खोक्यावरचं लेबल जपून ठेवा. पुढे कधी कुठल्याही कारणाने एमआरआय करायची वेळ आली, तर आत कोणत्या धातूचं किंवा प्लॅस्टिकचं काय बसवलं आहे हे तिथे पहिल्यांदा विचारतात.